नऊ एकांची रांगोळी

आज रेडिओजवळ बसताना कागद-पेन्सिल घेऊन बसा. भाकरी थापत असाल तर परातीतल्या पिठावर बोटानं लिहा, तेही चालेल. आज आम्ही एकाच संख्येची गोष्ट सांगणार आहोत. लिहून घ्या. एकपासून नऊपर्यंत सगळे अंक ओळीनं लिहा आणि मग तसंच मागं फिरत एकपर्यंत या. नऊ मात्र एकदाच लिहायचा.

१२३४५६७८९८७६५४३२१

मोजा, सतरा अंक झाले. डावीकडून वाचा नाहीतर उजवीकडून, अंक तेच येतात. आता ही मोठ्यानं वाचायची कशी? एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. कोटी दोनदा आलं, कारण इतके कोटी आहेत की ते कोटीही कोटीतच मोजावे लागतात. दर सेकंदाला एक असं न झोपता मोजत बसलं तर सुमारे ३९ कोटी वर्षं लागतील. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या बचत गटांच्या प्रशिक्षणात ही संख्या फळ्यावर लिहिली, तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "ताई, हे कुणाच्या खात्यात हाये?" सगळ्या हसल्या. पण हसण्याआधी क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली, ती आम्हाला ओळखीची होती. आम्ही बी.ए. झालेल्या, तेही मराठी घेऊन. गणिताला दहावीनंतर रामराम केलेला.

मग ह्या संख्येच्या नादी लागलो कशा? त्याला कारण झाले २७० रुपये.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाच्या वहीत आणि बँकेच्या पासबुकात २७० रुपयांचा फरक निघाला. पासबुकात कमी, वहीत जास्त. रक्कम मोठी नाही. पण गटात पैसा कमी आला की आधी वही लिहिणारीकडे बघतात. तिला तोंडावर कुणी काही बोललं नाही. बैठकीत तिच्याशेजारची जागा मात्र रिकामी राहायला लागली. तिनं दोनदा सगळ्या बेरजा करून दाखवल्या. आम्हीही तपासल्या. बेरजा बरोबर होत्या आणि फरक तसाच होता. शेवटी ती म्हणाली, "मी घरचे २७० भरते, पण वही दुसरीला द्या." तसं झालं असतं तर ती चोर नसताना चोर ठरली असती, आणि आम्ही ते होऊ दिलं असतं.

गावातल्या एका निवृत्त गुरुजींना आम्ही वही दाखवायला नेली. त्यांनी वही उघडलीच नाही. नुसतं विचारलं, "फरक किती?" २७०. "नवानं भाग जातो का?" जातो, नऊ त्रिक सत्तावीस, म्हणजे ३०. "मग कुणाची तरी रक्कम उलटी लिहिली असेल. शतक आणि दशक या जागांवर तीनचा फरक असलेले दोन अंक शोधा." दहा मिनिटांत सापडलं. एका सभासदाच्या कर्जाच्या हप्त्याचे ३६० रुपये वहीत ६३० म्हणून चढले होते. ६३० वजा ३६०, बरोबर २७०.

हे असं का होतं ते गुरुजींनी नोटांवर समजावलं. शंभरच्या प्रत्येक नोटेतून ९९ बाजूला काढा, १ उरतो. दहाच्या प्रत्येक नोटेतून ९ काढा, तिथंही १ उरतो. ६३० मध्ये शंभरच्या सहा आणि दहाच्या तीन, उरले सहा आणि तीन मिळून नऊ. ३६० मध्ये तीन आणि सहा, पुन्हा नऊच. बाजूला काढलेलं सगळं नवाच्या पटीतलं आणि उरलेलं दोन्हीकडे सारखं. म्हणून अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नवानं भाग जाणारच. याचा अर्थ भाग गेला की अदलाबदलच झाली असं मात्र नाही. नव्वद रुपये खरोखरही गहाळ होऊ शकतात! पण आधी कुठं बघायचं ते कळतं, आणि आधी माणसाकडे बघायचं नाही हेही कळतं.

जुन्या पंतोजींच्या शाळेत याला नवाचा ताळा म्हणत आणि हिशोब पडताळायला तो वापरत. त्या शाळेत पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. एवढा तोंडी हिशोब महाराष्ट्राच्या गावोगाव होता, पण तो मुलग्यांच्या तोंडी. आपण बायकांनी शेर-पायलीचा, वाणाचा, उसनवारीचा हिशोब डोक्यात केला, तो वहीत कधी आला नाही. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या त्या आपल्याच जिल्ह्यात, नगरला, मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत, हे आपण भाषणात अभिमानानं सांगतो. त्यांच्यानंतर पावणेदोनशे वर्षांनीही आम्हाला वही दाखवायला गुरुजींकडेच जावं लागलं, हेही सांगायला हवं.

त्या दिवशी गुरुजींनी कापरेकरांचं नाव काढलं. म्हणाले, "नवाची गंमत बघायची तर देवळालीच्या कापरेकरांची बघा." देवळाली म्हणजे नाशिकजवळची, लष्करी छावणीची. आपल्या संगमनेरहून सिन्नरमार्गे एसटीनं सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाच्या आत पोचता येतं. इतक्या जवळ राहिलेल्या माणसाचं नाव आम्ही तोवर ऐकलं नव्हतं.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलाला आकड्यांची गोडी लागली ती बहुधा त्या कुंडल्यांच्या गणितातून. शाळा ठाण्याला झाली आणि पुढचं शिक्षण पुण्याला, फर्ग्युसन कॉलेजात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि तिथंच पदव्या संपल्या. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीत शाळामास्तर होते. त्यांना काही जण गणितानंद म्हणत. दारुड्याला जशी दारू सोडवत नाही तसे मला आकडे सोडवत नाहीत, अशा अर्थाचं ते स्वतःच सांगत. आपल्याकडे घरोघरी ज्या कारणानं डोळ्यांत पाणी येतं, त्या दारूची उपमा गणिताला दिलेली ऐकून आमच्या गटात एकजण म्हणाली, "असला नाद नवऱ्याला लागला असता तर बरं झालं असतं!"

आपली सतरा अंकी संख्या ज्या घराण्यातली आहे त्याला कापरेकरांनी नाव दिलं डेम्लो. हे एका रेल्वे स्थानकाचं नाव. १९२३ च्या सुमारास मुंबईकडच्या रेल्वेमार्गावर गाडी बदलताना, तिथं थांबलेले असताना, त्यांना या संख्यांचा अभ्यास करायचं सुचलं असं सांगतात. तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. गाडीची वाट बघताना आपण काय करतो ते आठवून बघा. पुढे १९३८ साली त्यांनी 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात अद्भुत डेम्लो संख्यांवर लेख लिहिला. १९३९ मध्ये के. आर. गुंजीकर आणि त्यांनी मिळून मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात या संख्यांची उपपत्ती मांडली.

अद्भुत डेम्लो म्हणजे काय ते आता पिठावर करून बघा. एकाला एकानं गुणलं, १. अकराला अकरानं, १२१. एकशे अकराला एकशे अकरानं, १२३२१. एक हजार एकशे अकराला तेवढ्यानंच, १२३४३२१. असं करत करत नऊ एक मांडले, म्हणजे १११११११११, आणि त्याला त्यानंच गुणलं की आपली संख्या येते. एवढी अवाढव्य दिसणारी, ३९ कोटी वर्षं मोजावी लागणारी संख्या, पण तिच्या पोटात एकाशिवाय काही नाही.

हे कसं होतं ते आम्हाला रांगोळीनं कळलं. शाळेत शिकलो तसा गुणाकार उभा मांडा. नऊ एकांची एक ओळ. तिच्याखाली तीच ओळ, पण एक घर डावीकडे सरकवून. अशा नऊ ओळी. मग उभ्या रांगांची बेरीज करायची. उजव्या टोकाला एकच एक आहे, पुढच्या रांगेत दोन, मग तीन, मधोमध नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत डाव्या टोकाला एक. आता अंगणात नऊ बाय नऊ ठिपक्यांची रांगोळी काढा आणि तिच्याकडे कोपऱ्यावरून बघा. तिरक्या रांगा मोजल्या तर एक, दोन, तीन, असं नऊपर्यंत जाऊन परत एक. तीच संख्या. दर सणाला हात जे ठिपके मांडतात त्यांत ती बसलेली आहे. ठिपके किती? नऊ नव्वे एक्याऐंशी. आता आपल्या संख्येचे सगळे अंक मिळवून बघा. एक ते आठ मिळून ३६, दोन्ही बाजूंचे मिळून ७२, आणि मधला नऊ. एक्याऐंशी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा गुणाकार काही कापरेकरांनी पहिल्यांदा पाहिला असं नाही. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्य नावाचा जैन गणिती होऊन गेला. त्याच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे. एकपासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमानं उतरणारी, असं तिचं वर्णन आहे. ती सहा एकांची, आपली नऊ एकांची. ज्या गुणाकारांचं उत्तर असं दोन्हीकडून सारखं, माळेसारखं दिसतं त्यांना त्यानं गळ्यातल्या दागिन्याची नावं दिली. कापरेकरांनी केलं ते पुढचं. अशा संख्यांचं घराणं ठरवलं, त्यात कोण बसतं आणि कोण नाही याचे नियम शोधले, आणि त्यासाठी उभं आयुष्य दिलं.

आणि एवढ्या मोठ्या संख्येतल्या जागांची नावं? तीही आपल्याकडे कधीची आहेत. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यांच्या नातवानं त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. 'लीलावती'त एकं-दहंपासून परार्धापर्यंत अठरा जागांची नावं दिली आहेत. आपल्या संख्येचा पहिला एक बसतो तो 'मध्य' या जागेवर, परार्धाच्या एकच पायरी अलीकडे. त्यानंतर अंत्य, जलधी, शंकू, महापद्म, निखर्व, खर्व, अब्ज असं उतरत यायचं. गटात ही नावं म्हणून घेतली तेव्हा आरती म्हटल्यासारखी लय आली.

आता नवाकडे परत येऊ. संख्येच्या अंकांची बेरीज ८१, म्हणून तिला नवानं भाग जाणार हे नोटांच्या हिशोबानं कळलंच. पण इथं त्याहून जास्त आहे. नऊ एकांची जी मूळ संख्या, तिच्याही अंकांची बेरीज नऊ, म्हणून तिलाही नवानं भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. नवानं भाग जाणाऱ्या संख्येला तिनंच गुणलं की त्या उत्तराला नऊ नव्वे एक्याऐंशीनं भाग जातो. म्हणजे आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनं भाग गेला, बाकी शून्य. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं जिला पूर्ण भाग जातो अशा संख्येला कापरेकरांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे हर्ष देणारी. बारा हर्षद आहे, एक आणि दोन तीन, बाराला तीननं भाग जातो. अकरा नाही. आणि आपली सतरा अंकी हर्षद आहे. परदेशात या संख्यांना निव्हेन संख्या असंही म्हणतात, कारण १९७७ मध्ये निव्हेन नावाच्या गणितज्ञानं एका परिषदेत त्यांच्यावर व्याख्यान दिलं. आपल्या मास्तरांनी नाव त्याच्या आधी ठेवलं होतं. आम्ही हर्षदच म्हणणार.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शोध वेगळा, ६१७४ चा. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. इथून पुढं कितीही करा, ६१७४ च येतात. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. इथंही अंकांची अदलाबदल आहे, म्हणून प्रत्येक उत्तराला नवानं भाग जातो, आमच्या २७० सारखाच. हे त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं.

त्यांच्याच देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे पोरखेळ वाटले. मोठ्या नियतकालिकांत जागा मिळत नसे, तेव्हा त्यांनी स्वतःच्या खर्चानं छोट्या पुस्तिका छापल्या आणि परिषदांनाही पदरच्या पैशानं गेले. १९६६ मध्ये पत्नी गेली. पेन्शन पुरेना म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या केल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर झालं. वय सत्तर. १९८६ साली देवळालीतच ते गेले. संख्यांच्या आणखी एका घराण्याला त्यांनी स्वयंभू म्हटलं, आणि तिला देवळाली संख्या असंही म्हणतात. पदरमोड करून छापलेल्या त्या पुस्तिकांचा हिशोब त्यांच्या घरात कोण ठेवत असेल, असा प्रश्न आमच्या मनात आला. त्या बाईबद्दल आम्हाला कुठं वाचायला मिळालं नाही.

वही लिहिणारीचं काय झालं ते राहिलं. तिनं वही सोडली नाही. पुढच्या बैठकीत तिनंच सगळ्यांना नोटांवर नवाची गंमत समजावून सांगितली, आणि शेजारची जागा भरली. कुणी तिची माफी मागितली नाही. आम्ही मागितली, पण तीही दोघींतच, सगळ्यांसमोर नाही. ते आम्हाला अजून लागतं.

आणि ती मावशी, जिनं खात्याचं विचारलं होतं. सही करते, चौथीपर्यंत शिकलेली. रांगोळीचा हिशोब कळल्यावर ती म्हणाली, "आमच्या गटात तर अकराजणी. नवावरच का थांबायचं? दहावी आली तर?" आम्ही म्हटलं, मावशी, तुम्हीच मांडा. तिनं जमिनीवर दहा बाय दहा ठिपके काढले. तिरक्या रांगा मोजत गेली. एक, दोन, तीन, नऊपर्यंत ठीक. मधल्या रांगेत दहा ठिपके आले आणि खडू थांबला. एका घरात दहा कसे लिहायचे? "शून्य, हातचा एक," ती म्हणाली. पुढच्या रांगेत नऊ ठिपके, हातच्यासकट दहा. पुन्हा शून्य, हातचा एक. त्यापुढच्या रांगेत आठ आणि एक नऊ. पुढं हातचा नाही, सात, सहा, पाच असं एकपर्यंत सरळ. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

रांगोळी मोडली होती. डावीकडचा आठ नाहीसा झाला. मघाच्या १२३४५६७९ मध्येही आठ नव्हता, आणि त्याचंही कारण असाच हातचा. मावशीनं अंकांची बेरीज केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. ठिपके शंभर, बेरीज ८२. अठरा गेले कुठं? खोलीत एकदम शांतता. दोन वर्षांपूर्वी अशीच शांतता २७० रुपयांसाठी झाली होती. पण या वेळी कुणीच कुणाकडे बघितलं नाही, सगळ्या खाली ठिपक्यांकडे बघत होत्या. वही लिहिणारीनं पर्समधून रुपयाची दहा नाणी काढली, मावशीच्या हातावर ठेवली आणि दहाची एक नोट बदलून घेतली. मावशीनं आधी नाणी मोजली, मग नोट. दहाच्या जागी एक. नऊ कमी दिसले, गेले कुठंच नाहीत. असं दोनदा झालं, म्हणून अठरा.

"हातचे दोन," मावशी म्हणाली, आणि नाणी परत करण्याआधी पुन्हा एकदा मोजून घेतली.